मिठाच्या राणीचा पासंग

काटेबाईंच्या दुकानात खोटं बोलायची सोय नव्हती. म्हणजे माणसं बोलत, पण दुकानातले काटे ऐकून घेत नसत. भिंतीवर तराजू लटकलेले, कपाटात पितळी वजनं उंचीनुसार उभी, कोपऱ्यात पोती मोजायचे दांडगे काटे एकमेकांना टेकून पेंगत पडलेले, आणि ह्या सगळ्यांच्या मधोमध नाकावर चष्मा अन् बोटांना तेल लावून बसलेल्या काटेबाई. दुकान वडिलांचं. त्यांच्याकडून दुकानाबरोबर एक सवयही वारशात आली होती: मोजल्याशिवाय काही खरं मानायचं नाही, मग ते कलिंगड असो की कौतुक. गावातले व्यापारी शपथ घ्यायची वेळ आली की काटेबाईंच्या तराजूवर हात ठेवतात, असं लोक सांगत. थोडं वाढवून सांगत, पण फार नाही.

अशा बाईने एका तराजूला पासंग लावला. पासंग म्हणजे पारड्याच्या पोटाला गुपचूप चिकटवलेला तुकडा, ज्याच्या जोरावर हलकं जड होतं आणि वजन करणारा साव दिसतो. ज्या कामासाठी त्यांनी आयुष्यभर भल्याभल्यांना दुकानातून हाकलून दिलं, ते काम त्यांनी स्वतःच्या हाताने केलं. आणि कुणासाठी, तर अशा एका दुष्ट राणीसाठी, जी मुळात नव्हतीच.

झालं ते असं. मुलगा आणि सून नोकरीसाठी वर्षभर परदेशी गेले. जाताना घर रिकामं केलं, आणि टीव्ही अन् गेमचं मशीन दुकानामागच्या खोलीत आणून ठेवलं. मुलगा म्हणाला, आई, अधूनमधून चालू करत जा, नाहीतर बिघडेल. सुनेने तेच आपल्या आईला वेगळ्या शब्दांत सांगितलं: जाऊन बघत जा गं, त्यांनी त्यावर वजनं तर ठेवली नाहीत ना.

सुनेची आई म्हणजे विहीणबाई. त्यांचं चष्म्याचं दुकान. नाजूक बोटं, तिखट जीभ, आणि समोरच्याचा चष्मा जरा जरी तिरका दिसला तरी हात शिवशिवणार. लग्नाच्या दिवशी सगळे फोटोसाठी उभे राहिले असताना त्यांनी भर मंडळींत काटेबाईंचा चष्मा नाकावरून उतरवला, दांडी वाकवली, परत बसवला आणि म्हणाल्या, आता जरा माणसांत आल्यासारख्या दिसता. काटेबाईंनी तेव्हा हसून साजरं केलं. पण पहिल्यांदा विहिणीच्या घरी गेल्या, तेव्हा ओट्यावरच्या छोट्या काट्यावर नुसता अंगठा टेकवून त्यांनी निकाल दिला की हा काटा खोटं बोलतो, दुरुस्तीला पाठवून द्या. विहीणबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. हा काटा सासूबाईंच्या हातचा आहे, त्याला बाहेरचा हात लागणार नाही, असं त्यांनी सांगितलं, आणि त्यानंतर दोघींमध्ये जे काही बोलणं झालं ते मुलांमार्फत झालं.

म्हणून विहीणबाई मशीन बघायला आल्या त्या तपासणीला आल्यासारख्याच. मशीनवर धूळ नव्हती. वजनंही नव्हती. तक्रारीला जागा मिळेना, तेव्हा त्या म्हणाल्या, चालतं तरी का बघू. चाललं. पडद्यावर एक पांढराफटक महाल उगवला आणि अक्षरं आली: मिठाचं सिंहासन, भाग पहिला. विहीणबाई दोन मिनिटांसाठी टेकल्या. दुकान बंद करायची वेळ झाली तेव्हा त्यांना उठवायला काटेबाईंना दिवा मालवावा लागला.

खेळ साधा होता. एक राज्य, त्यात मिठाचं सिंहासन. जो त्यावर बसेल त्याचं दुःख कधी विरघळत नाही, असा त्या सिंहासनाला शाप. आपण एक फाटका वाटाड्या. पाच भागांत मिळून तिथवर पोचायचं, वाटेत माणसं जोडायची, तलवार घासायची, आणि प्रत्येक भागाच्या टोकाला एक महादुष्ट आपली वाट बघत उभा. त्याचं काय करायचं हे आपण ठरवायचं, आणि आपण ठरवू तसा गोष्टीचा शेवट. दोघींनी न ठरवता कामं वाटून घेतली. लढाई विहीणबाईंकडे, कारण चष्म्याचे स्क्रू फिरवून त्यांचे अंगठे विजेसारखे झाले होते. बोलणी काटेबाईंकडे, कारण व्यापाऱ्यांशी घासाघीस करून त्यांना कुणाचाच शब्द एकदम पटत नसे.

पुढे विहीणबाई रोज संध्याकाळी येऊ लागल्या. ग्राहकांचं स्टूल त्यांना टोचायचं, म्हणून काटेबाईंनी घरातली पाठीची खुर्ची आणून ठेवली. मग खुर्चीवर उशी आली. ही उशी मी तुमच्यासाठी आणलेली नाही, खुर्चीचं लाकूड झिजू नये म्हणून आणलीय, असं काटेबाईंनी आल्या दिवशीच स्पष्ट करून टाकलं. विहीणबाईंनीही सांगितलं की मी खेळायला येत नाही, लेकीच्या वस्तूवर लक्ष ठेवायला येते. एवढा खुलासा झाल्यावर दोघी मोकळ्या मनाने खेळू लागल्या.

पाचव्या भागाच्या शेवटी त्या राणीसमोर पोचल्या, त्याच दुपारी मुलाचा फोन आला होता. काम लवकर संपलं, आम्ही परत येतोय. शहराच्या पार दुसऱ्या टोकाला नवं घर घेतलंय, मशीन तिकडे नेऊ. आणि आई, सासूबाईंना काही बोलू नकोस, त्यांना एकदम समोर जाऊन चकित करायचंय.

काटेबाईंनी फोन ठेवला आणि खुर्चीकडे बघितलं. गोष्ट संपली की विहीणबाईंना इथे यायचं कारण संपणार. मशीन गेलं की निमित्तही जाणार. आणि निमित्ताशिवाय रोज विहिणीकडे जाणारी विहीण अजून जन्मायची होती. 'तुम्ही येत जा' हे शब्द काटेबाईंच्या तोंडून निघणं म्हणजे कोपऱ्यातल्या पोत्याच्या काट्याने उठून चहा करण्यासारखं. त्यापेक्षा त्यांनी एखादं वजन गिळलं असतं.

संध्याकाळी पडद्यावर राणी उभी. पांढरे केस, पांढरा पोशाख, ओठ मिठाने फुटलेले. खाली दोन पर्याय: तलवार, माफी. विहीणबाईंचा अंगठा तलवारीकडे निघाला आणि काटेबाईंनी सरळ भिंतीवरचं बटण बंद केलं. पडदा काळा झाला.

"हे काय?"

"मोजल्याशिवाय नाही," काटेबाई म्हणाल्या.

आणि मग बोलता बोलता, तिथल्या तिथे, त्यांनी एक कायदा रचला. एक तराजू टेबलावर येईल. डाव्या पारड्यात राणीची पापं, उजव्या पारड्यात तिची कारणं. कुठल्या पापाला केवढं वजन, कुठल्या दुःखाला केवढं, ते दोघींनी मिळून ठरवायचं. डावं खाली गेलं तर तलवार, उजवं खाली गेलं तर माफी. दांडी सरळ राहिली तर निकाल नाही, दुसऱ्या दिवशी पुन्हा. आणि एकटी राणी मोजायची नाही. आधीच्या चारही दुष्टांना मोजून माप पक्कं केल्याशिवाय तिला पारड्यात घालणं म्हणजे अन्याय. विहीणबाई म्हणाल्या, एवढी भानगड कशाला, बाई सरळसरळ वाईट आहे, मान उडवू आणि चहा पिऊ. पण तराजू पुसून समोर आला तेव्हा त्यांनी उशी सारखी केली आणि पुढे सरकून बसल्या.

पहिल्या भागातला हसरा सेनापती पटकन निकालात निघाला. गावं जाळायच्या आधी हसायचा, जाळल्यावर हसायचा, शेवटी मनोऱ्यावरून पडतानाही हसतच गेला. उजव्या पारड्यात टाकायला काही सापडेना. काटेबाईंनी शोधून शोधून म्हटलं, लहानपणी कुणी नीट वागवलं नसेल. विहीणबाई म्हणाल्या, लहानपणी सगळ्यांनाच कुणीतरी नीट वागवत नाही, म्हणून आपण काही मनोरे बांधत नाही. त्याचा शेवटही तसाच, झेंडे, सूर्योदय, वाजंत्री. मोठं खोकं, आत सगळा कागद, असं काटेबाईंचं मत पडलं.

दुसरी वैदीण मात्र कठीण. तिचं लेकरू तळमळत गेलं, म्हणून तिने अख्ख्या शहराला औषध पाजून झोपवलं, की आता कुणालाच काही दुखणार नाही. विहीणबाईंनी आपल्या धंद्याच्या रीतीने निदान केलं: ह्या बाईला जवळचं दिसतं, लांबचं दिसत नाही, आपलं पोर दिसलं, दुसऱ्यांची दिसली नाहीत. तिच्या दुःखाला केवढं वजन द्यायचं यावर चहा दोनदा थंड झाला. काटेबाईंनी कपाटातलं सगळ्यात मोठं पितळी वजन आणलं आणि विहीणबाईंनी त्याला हरकत घेतली नाही, हे काटेबाईंनी मनात टिपून ठेवलं.

तिसरा जकातदार. पूल ओलांडणाऱ्याकडून तो आठवणींची जकात घ्यायचा. कुणाची आई घेतली, कुणाचं गाव. दुष्ट म्हणून माणूस झकास होता, पण त्याच्या भागाचा शेवट असा की हे सगळं वाटाड्याला पडलेलं स्वप्न. तो शेवट बघताना विहीणबाईंनी टीव्हीला उशी फेकून मारली होती. काटेबाईंना अजून राग येई. ग्राहकाला सगळं मोजून द्यायचं आणि दारात गाठून सांगायचं की पिशवी रिकामीच होती, ह्याला काय म्हणावं? जकातदाराच्या पापात लिहिणाऱ्याचं पापही धरावं, असं विहीणबाईंचं म्हणणं. लिहिणाऱ्याला वेगळं पारडं लागेल, असं काटेबाईंचं. शेवटी त्याला हलकंच सोडण्यात आलं, आणि विहीणबाई घरी जाईपर्यंत धुसफुसत राहिल्या.

चौथ्याला मोजायला दोघींचाही हात चालेना. तो होता खेचरवाला. पहिल्या तीन भागांत वाटाड्याबरोबर चाललेला, रात्री शेकोटीजवळ बेसूर गाणारा, स्वतःची भाकरी खेचराला भरवणारा सोबती. चौथ्या भागात कळतं की वाट दाखवायला तो राणीकडूनच आलेला. त्याच्या शेवटी वाजंत्री नव्हती, काही नव्हतं. पाऊस पडत राहतो आणि खेचर त्याच्या अंगावरचं पांघरूण दाताने ओढत राहतं. तो शेवट झाला त्या दिवशी विहीणबाईंच्या डोळ्यात कचरा गेला होता. चष्मेवालीच्या डोळ्यात चष्म्याआडून कचरा कसा गेला, हे काटेबाईंनी विचारलं नाही. कारण त्यांच्याही गेला होता.

मग राणीची पाळी आली. पापं पुष्कळ: वैदिणीला औषध तिने पुरवलं, जकातदाराचा पूल तिने बांधला, खेचरवाल्याला पाठवलं तिने. कारणंही होती: सिंहासनावर ती स्वतःहून बसली नव्हती, धाकट्या बहिणीला बसवू नये म्हणून बसली, आणि बसल्यापासून तिचं दुःख विरघळलं नव्हतं. वजनं चढली. काटेबाईंनी दांडी मोकळी केली आणि डावं पारडं हळूहळू, पण ठामपणे, खाली निघालं.

काटेबाईंनी घाईने दांडी धरली.

"पंखा चालू आहे," त्या म्हणाल्या. "वाऱ्यात मोजलेलं आमच्यात धरत नाहीत."

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडण्याआधी काटेबाईंनी दरवाजा आतून लावला, वडिलांच्या तसबिरीकडे पाठ केली, मेणाची एक गोळी बोटांत मळली आणि उजव्या पारड्याच्या पोटाला चिकटवली. गोळी पहिल्याच दाबात बसली. आपण इतक्या सराईत निघू याचीच त्यांना जरा लाज वाटली.

त्या संध्याकाळी दांडी सरळ. निकाल नाही. पुढल्या संध्याकाळी विहीणबाईंनी राणीचं नवं पाप उकरून काढलं, काटेबाईंनी नवं दुःख. दांडी सरळ. मेणाची गोळी रोज सकाळी कमी-जास्त होई. विहीणबाई रोज म्हणत, आज हिला संपवूनच उठते, आणि रोज उद्या येते म्हणून जात. बाहेर व्यापारी आपापल्या काट्यांसाठी खोळंबून, आत दोन बाया एका नसलेल्या राणीच्या नसलेल्या बहिणीवरून भांडताहेत, असं सगळं सुरळीत चाललं होतं.

आणि मुलं यायच्या दोन दिवस आधी उजवं पारडं खाली गेलं.

सरळ राहायला हवं होतं. मेण काटेबाईंनी स्वतः मोजून लावलं होतं, त्यात चूक होणं म्हणजे सूर्याने रस्ता चुकणं. पण पारडं गेलं खाली, म्हणजे राणीला माफी, म्हणजे गोष्ट संपली. आजवर राणीची वकिली केलेल्या काटेबाईंवर तिच्यावर आरोप करायची पाळी आली, तीही ऐनवेळी. घाईत काही सुचेना. शेवटी त्या म्हणाल्या, आणि त्या खेचराचं काय? खेचरवाल्याला पाठवलं, ठीक आहे, पण खेचराला का पाठवलं? त्या मुक्या जिवाचा काय संबंध?

आता विहीणबाई म्हणजे शब्दाशब्दाला अडवणाऱ्या. पण त्या दिवशी त्यांनी अशा काही तत्परतेने मान डोलावली की काटेबाई बघतच राहिल्या. "बरोबर आहे," त्या म्हणाल्या, "खेचराचं राहूनच गेलं होतं," आणि स्वतःच्या हाताने डाव्या पारड्यात वजन ठेवलं. दांडी सरळ झाली. विहीणबाईंनी सुटकेचा श्वास टाकला. राणीची मान उडवायला निघालेल्या बाईने माफी हुकली म्हणून सुटकेचा श्वास टाकला, की निकालच लागला नाही म्हणून? काटेबाईंच्या मनात शंकेची पाल चुकचुकली, पण पाल कुठल्या भिंतीवर आहे ते कळेना.

मुलं यायच्या आदल्या दिवशी काटेबाईंनी ठरवलं की आता पुरे. उद्या मशीन जाणारच. निदान शेवटचं वजन तरी खरं व्हावं, वडिलांच्या दुकानात एवढं तरी राहावं. त्यांनी उजवं पारडं उलटं केलं. मेणाची गोळी होती. आणि गोळीच्या शेजारी, अगदी खेटून, दोन इवल्याशा गाद्या चिकटवलेल्या होत्या. पाण्यासारख्या पारदर्शक, मऊ. चष्म्याच्या नाकावर टेकतात ना, त्या.

काटेबाईंचा पहिला विचार असा की माझ्या दुकानात, माझ्या काट्याला, दुसऱ्या कुणी पासंग लावलाच कसा. संतापाने त्या उठून उभ्या राहिल्या. शेजारचं मेण आपलं आहे हे आठवायला थोडा वेळ लागला. मग त्या पुन्हा बसल्या. मग त्यांना दिसलं की गाद्या उजव्या पारड्याला आहेत. म्हणजे माफीच्या बाजूला. तलवार तलवार म्हणून रोज ओरडणाऱ्या बाईने राणीला वाचवायला पासंग लावला होता.

काटेबाईंनी एक गादी नखाने सोडवून उजेडात धरली. आणि मग, दुकानात कुणी नसताना, खुदकन हसल्या.

संध्याकाळी विहीणबाई आल्या. आल्या आल्या त्यांनी मशीन चालू केलं. म्हणाल्या, आज आधी हिचं तोंड बघू, मग मोजू. राणी पडद्यावर येऊन उभी राहिली. काटेबाई चहा घेऊन आल्या आणि कपांच्या मध्ये टेबलावर त्यांनी मेणाची गोळी ठेवली, तिच्याशेजारी त्या दोन गाद्या.

विहीणबाईंनी चहाचा घोट घेतला. घेतला तो घेतच राहिल्या.

"हे मेण कुणाचं?" शेवटी त्यांनी विचारलं.

"माझं. आणि ह्या गाद्या?"

"असतील कुणाच्या. शहरात चष्मेवाले पुष्कळ आहेत."

"लहान मुलांच्या मापाच्या आहेत. आणि खालचा तो निळा डिंक तुमच्या दुकानाशिवाय मी कुठे बघितला नाही."

विहीणबाईंनी कप खाली ठेवला. त्यांच्यासारख्या बाईला एवढ्यात हार मानणं शोभलं नसतं, म्हणून त्यांनी उलट बाजूने मुसंडी मारली. आधी पासंग लावला कुणी? तुम्ही. एवढ्या काटेबाई म्हणून मिरवता, लोक तुमच्या तराजूवर हात ठेवून शपथा घेतात, आणि तुम्ही मेण लावता? मी तर तुमच्या तराजूला खरा समजून गाद्या लावल्या. माझा पासंग प्रामाणिक होता. काटेबाई म्हणाल्या, पासंग प्रामाणिक असतो हे मी आज पहिल्यांदा ऐकलं. आणि लावायचाच होता तर डाव्या पारड्याला लावायचा, तलवार हवी होती ना? विहीणबाई म्हणाल्या, तुम्हाला तरी माफी हवी होती, मग खेचर कुठून काढलंत? असं एकमेकींना कोपऱ्यात ढकलत ढकलत दोघी अशा जागी येऊन पोचल्या की पुढे बोलायला एकच गोष्ट उरली, आणि ती कुणीच बोलेना.

"उद्या येताहेत," विहीणबाई एकदम हळू आवाजात म्हणाल्या. "लेकीने मला सांगितलंय. म्हणाली, त्यांना बोलू नकोस."

"मला मुलाने. म्हणाला, तुम्हाला बोलू नको."

"मशीन नेणार."

"नेऊ देत की. त्यांचंच आहे."

एवढं झाल्यावर दोघींनी तराजूकडे बघितलं. पारडी स्वच्छ होती. त्यांनी वजनं चढवायला घेतली: औषध, पूल, खेचरवाला, खेचर; धाकटी बहीण, न विरघळलेलं दुःख. ह्या खेपेला कुणी कुणाला अडवलं नाही. काटेबाईंचा हात दांडीकडे गेला, आणि तेवढ्यात मागून कुणीतरी उसासा टाकला.

दोघींनी वळून बघितलं. पडद्यावरची राणी सिंहासनापुढच्या पायरीवर बसली होती.

आजवर ती नुसती उभी असायची, कारण काटेबाई तराजू बाहेर काढण्याआधी न चुकता भिंतीवरचं बटण बंद करायच्या; कुणी बघत नसताना वीज जाळायची त्यांच्या घराला सवयच नव्हती. आज भांडणाच्या नादात ते राहून गेलं. चहा थंड झाला, मेण-गाद्यांचा निकाल लागला, वजनं चढली, आणि तेवढा सगळा वेळ बिचारी राणी तिकडे ताटकळत उभी. दोन्ही पर्यायांची अक्षरं पडद्यावरून पुसली गेली होती.

राणी म्हणाली, "पाय दुखले. येणारे सगळे ठरवूनच येतात, इतका वेळ कुणी थांबत नाही." मग तिने पायरीवरचं मीठ हाताने झाडलं आणि थोडी बाजूला सरकली. "बसा."

विहीणबाईंनी कंट्रोलरला हात लावला नव्हता, तरी वाटाड्या चालत गेला आणि तिच्याशेजारी बसला. तलवार त्याने पायरीला टेकवून ठेवली. मागे सिंहासनातून थेंब थेंब पाणी पडायला लागलं, आणि त्या दोघांच्या पाठीवरून खेळ बनवणाऱ्या माणसांची नावं वर सरकत गेली. वाजंत्री नव्हती. विहीणबाईंच्या डोळ्यात पुन्हा कचरा गेला. दांडी कुठे झुकली ते बघायचं दोघींच्याही ध्यानात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी मुलं आली, दोघींनीही चकित झाल्याचा आव आणला, आणि मग त्यांनी हा शेवट सांगितला. मुलगा म्हणाला, असा शेवट नाहीच. त्याने दोन्ही पर्याय कितीतरी वेळा खेळून बघितले होते. सुनेने तर जगभरच्या खेळणाऱ्यांनी लिहिलेलं सगळं वाचलं होतं, त्यात कुठेच राणी पायरीवर बसली नव्हती. मुलाने हट्टाने राणीसमोर जाऊन उभं राहायचा प्रयोग केला, पण त्याचा अंगठा थोड्याच वेळात आपोआप बटणावर जाई आणि राणी मरे. पुन्हा जाई, पुन्हा मरे. विहीणबाई काटेबाईंकडे बघून म्हणाल्या, ह्यांना लांबचं दिसतं, पण धीर धरवत नाही. ह्याचा नंबर आमच्याकडे मिळत नाही. मशीन गाडीत चढलं, टीव्ही चढला, आणि गाडी गेली.

त्याच्या पुढल्या संध्याकाळी काटेबाई दुकानात एकट्या होत्या. खोली पुसून झाली होती. खुर्चीवरची उशी त्यांनी उचलून कपाटात टाकली होती, आणि आता खुर्ची घरी न्यावी की इथेच राहू द्यावी, हा प्रश्न त्या कुठल्याच पारड्यात घालू शकत नव्हत्या. तेवढ्यात दार वाजलं. विहीणबाई उभ्या होत्या, हातात फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी.

त्यांनी ते टेबलावर ठेवलं आणि फडकं सोडलं. ओट्यावरचा तो छोटा काटा होता, सासूबाईंच्या हातचा.

"हा बिघडलाय," त्या म्हणाल्या. "तुम्हीच म्हणाला होतात."

काटेबाईंनी कपाटातून एक वजन काढून त्यावर ठेवलं. काटा जिथे थांबायला हवा तिथेच, केसभरही इकडे-तिकडे न होता, थांबला. त्यांनी दुसरं ठेवलं. तेही बरोबर. तो काटा तेव्हाही बरोबरच होता. लग्नानंतरच्या त्या दिवशी अंगठा टेकवतानाच काटेबाईंना ते कळलं होतं. विहीणबाईंनाही कळलं होतं. आणि आत्ता सुईकडे तर दोघीही बघत होत्या.

काटेबाईंनी चष्मा काढला, पुसला, जरा तिरकाच परत बसवला, आणि काट्यावर वाकून गंभीर चेहरा केला.

"फारच बिघडलाय," त्या म्हणाल्या.

"वेळ लागेल?"

"बघावं लागेल रोज. घाईत केलं तर अजून बिघडेल."

विहीणबाईंनी हात पुढे करून काटेबाईंच्या चष्म्याची दांडी सरळ केली. मग मागच्या खोलीत गेल्या, खुर्चीकडे बघितलं, सरळ कपाट उघडलं, उशी काढली, खुर्चीवर आपटली आणि बसल्या.

"मग तोवर त्या जकातदाराचं एकदा नीट बघू," त्या आतून म्हणाल्या. "तुम्ही त्याला फार हलक्यात सोडलंत. तराजू आणा. आणि पारडी आधी उलटी करून दाखवा."